आधी खुंटी, मग भिंत

मराठी वाङ्मयात भिंतीइतकी बदनाम झालेली वस्तू दुसरी नसेल. दोन भाऊ वेगळे निघाले की लेखक त्यांच्यामध्ये भिंत उभी करतो. नवराबायकोचे पटेनासे झाले की त्यांच्यात ‘अदृश्य भिंत’ येते. कवितेत तर माणसामाणसांतल्या भिंती पाडण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, आणि आपल्या वार्षिक अंकांचा जुना गठ्ठा चाळला तर त्यातही एखाददुसरी भिंत कोसळताना सापडेल. म्हणींनीही तिला कान देऊन चुगलखोर ठरवले. चांगले नाव मिळवलेली भिंत आपल्या पुणे जिल्ह्यात एकच, ती आळंदीची. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले तेव्हा ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे ज्या भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, ती भिंत म्हणून आजही आळंदीला दाखवतात. म्हणजे भिंतीने स्वतःला चांगले म्हणवून घ्यायचे तर तिला चालता यायला हवे! जागेवर मुकाट उभी राहणारी भिंत मात्र वाईटच.

अशाच एका जागेवर मुकाट उभ्या असलेल्या भिंतीची बाजू मला येथे मांडायची आहे. ती दगडाची नाही, विटेची नाही, मातीचीही नाही. पातळ पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेली, जेमतेम तीन इंच जाडीची ही भिंत आमच्या नारायण पेठेतल्या घरात गेल्या जूनपासून उभी आहे. ती उभी राहताना मी तीन दिवस तिच्यासमोर बसून होते. परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे वेळही होता. त्या तीन दिवसांत मला जे कळले ते भिंतीपुरतेच आहे असे मला वाटत नाही, म्हणून हा खटाटोप.

आमचे बिऱ्हाड पूर्वी वाड्यात होते. वाडा पाडला तेव्हा मी चौथीत होते. त्या जागी इमारत झाली आणि जुन्या भाडेकरूंबरोबर आम्हालाही तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि एक लांबट बाहेरची खोली. बाहेरच्या खोलीत आजी आणि मी. दिवसा ती बैठकीची खोली, रात्री आमची निजायची. आजी चालतीफिरती होती तोवर कुणाला अडचण वाटली नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती न्हाणीघराच्या दाराशी पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती वॉकर घेऊन घरी आली, आणि तिची कॉट बैठकीच्या खोलीत थेट दारासमोर मांडावी लागली.

दाराची घंटा वाजली की आजी पदर सावरायची. तिचे कपडे बदलायचे असले की आई एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, अशा आम्ही तिचे जुने लुगडे ताणून धरायचो. आजी त्या लुगड्याआडून म्हणायची, “पडदा वर गेला की सांगा गं, नांदी म्हणते.” ती हसायची, आम्हीही हसायचो. एकदा मात्र दार नुसतेच लोटलेले होते आणि शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्र परत द्यायला सरळ आत आले. ते बिचारे ओशाळून तसेच मागे फिरले. पण त्या दिवशी आजी हसली नाही. दिवेलागणीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

हडपसरला राहणाऱ्या काकांनी त्याच सुमारास एका वृद्धाश्रमाचे माहितीपत्रक आणून बाबांच्या हातात दिले. काकांना मी दोष देत नाही. ते दर रविवारी येत, औषधांचा निम्मा खर्च त्यांचा होता, आणि “तिथं चोवीस तास नर्स असते” हे त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. बाबांनी ते पत्रक वाचले, घडी घातली आणि फ्रिजवरच्या वर्तमानपत्रांखाली ठेवून दिले. पुढे तीन महिने त्या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही. मग एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, “बाहेरच्या खोलीत पार्टिशन घालून घेऊ. हिला अभ्यासाला खोली होईल.” हिला म्हणजे मला. कला शाखेच्या अभ्यासाला स्वतंत्र खोली लागते हे ऐकून माझे मलाच नवल वाटले. पण आमच्या घरात अवघड गोष्ट अशीच बोलली जाते, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने.

बाबांच्या मनात विटेचीच भिंत होती. सोसायटीच्या इंजिनिअरने ती मोडीत काढली. त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. आमची भिंत अकरा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे जवळजवळ पन्नास किलोची पन्नास पोती. ही पोती एका रेषेत स्लॅबच्या मध्यावर ठेवायची आणि खाली आधाराला तुळई नाही! पत्र्याच्या सांगाड्याची भिंत याच्या सुमारे दहाव्या हिश्शात होते. पन्नासाच्या जागी पाच पोती. बाबा गप्प झाले. “पण पत्र्याची भिंत म्हणजे...” एवढेच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा सार्वजनिक गणपतीचा मांडव आला असावा.

आजीने मात्र कॉटवरूनच निकाल दिला. “म्हणजे पडदी म्हणा की. एवढं काय त्यात!”

पडदी हा शब्द माझ्या पिढीने गमावला आहे. पडद्याचे काम करणारी पातळ भिंत ती पडदी. आजी लग्न होऊन वाड्यात आली ती १९६० साली, आणि तिच्या तोंडी अशा भिंतींची एक उतरंडच आहे. जाड ती भिंत, तिच्याहून पातळ ती पडदी, आणि सगळ्यांत हलका तो कूड. कूड म्हणजे कारवीच्या काटक्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचे लिंपण. पत्र्याच्या सांगाड्याला ती का बिचकली नाही हे मला मागाहून उमगले. पुण्यातल्या वाड्यांचा आतला भाग हाही सांगाडाच असे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भार वाहायचा तो खांबांनी. त्यांच्यामधली भिंत नुसता आडोसा करायची. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणत आणि खोली केवढी ते खणांवर सांगत. आपल्यापैकी जे विश्रामबागवाड्यात गेले असतील त्यांनी तिथले सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पाहिले असतील. तो वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, म्हणून खांबांवर एवढी नक्षी. आमच्या वाड्याचे खांब साधे चौकोनी होते, पण त्यांचे काम तेच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. आजीच्या लग्नाला तेव्हा एकच वर्ष झाले होते. पाणी ओसरल्यावर सगळे परतले तेव्हा आमच्या बिऱ्हाडाच्या मातीच्या भिंती, तिच्या शब्दांत, “बत्तासा विरघळावा तशा” विरघळल्या होत्या आणि खांब तेवढे चिखलात उभे होते. स्वयंपाकघरातून थेट शेजारच्यांची माजघरे दिसत होती. पुढे कित्येक दिवस वाड्यातल्या बायका खांबाखांबांना लुगडी बांधून त्यांच्या आड वावरत होत्या. ही हकिगत मी लहानपणापासून अनेकदा ऐकली होती. परंतु आई आणि मी तिच्यासाठी लुगडे ताणून धरत होतो तेव्हा आजीला काय आठवत असेल, हा विचार माझ्या मनात त्या जूनमध्ये प्रथमच आला.

मिस्त्री लातूरकडचे होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. बरोबर एक पोरगा. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी निळीत बुडवलेले सूत फरशीवर ताणले आणि चिमटीत उचलून सोडले. फरशीवर निळी रेघ उमटली. खोलीचे दोन भाग झाले ते खरे त्या क्षणी. त्यांच्याकडे हिरवी रेघ टाकणारे लेझरचे यंत्रही होते, तरी त्यांनी छतापासून ओळंबा सोडून एकदा खात्री करून घेतली. मग फरशीवर त्या रेघेवर आणि बरोबर तिच्या वर छताला, अशा पत्र्याच्या दोन पन्हळी पट्ट्या स्क्रूने आवळल्या. एक खालचा चॅनेल, एक वरचा. दाराची जागा खालच्या पट्टीत सोडली.

या दोन चॅनेलांच्या मध्ये जे उभे दांडे बसवतात त्यांना स्टड म्हणतात. जस्ताचा मुलामा दिलेला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, पण दोन्ही कडांना दुमडलेला. एक स्टड मी हातात घेतला तर तो पिळला जाऊ लागला. “हे भिंत धरणार?” असे मी विचारले. मिस्त्रींनी खिशातले बसचे तिकीट काढले, टेबलावर उभे केले, ते पडले. त्याला मधोमध घडी घातली आणि पुन्हा उभे केले, ते राहिले. “घडीत ताकद असती,” एवढेच म्हणाले. तर्कशास्त्राच्या तासाला इतक्या थोडक्यात सिद्ध झालेले विधान मी ऐकलेले नाही.

स्टड बसवण्याची रीत पाहण्यासारखी असते. तो आधी तिरका आत घालायचा आणि मग फिरवायचा, की वरखालच्या पन्हळीत अडकून सरळ उभा राहतो. दर दोन फुटांवर एक. याचे कारण जिप्समचा तक्ता चार फूट रुंद असतो. दोन तक्त्यांचा सांधा बरोबर एका स्टडच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर कडेला स्क्रू धरणार कशात? सगळ्या स्टडांची तोंडे एकाच दिशेला. विजेच्या तारा जाण्यासाठी प्रत्येकाला भोके, तीही एका पातळीत. शाळेच्या कवायतीत आम्ही इतक्या शिस्तीत कधी उभ्या राहिलो नाही.

एक गोष्ट मला खटकली. प्रत्येक स्टड मिस्त्री उंचीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर आखूड कापत होते. वरच्या पन्हळीत तो शिरत होता, पण छताला टेकत नव्हता. मी तसे दाखवून दिले. ते म्हणाले, “मुद्दाम हाय ते. वर माणसं राहत्यात, स्लॅब कनभर लवतो. टेकवला की भार ह्याच्यावर यील. ह्याचं काम भार घ्यायचं न्हाई.” म्हणजे ही भिंत छतापर्यंत जाते आणि केसभर अलीकडे थांबते. घराचे वजन जे वाहत आहेत त्यांच्या कामात ती हात घालत नाही.

दुपारी चारच्या सुमारास सांगाडा पुरा झाला. मिस्त्री हात पुसत बाबांना म्हणाले, “साहेब, आता सांगा, कुठं काय टांगायचं?”

बाबांना प्रश्न कळला नाही. आपल्याकडे भिंत आधी होते आणि खिळे मागाहून येतात. नवे कॅलेंडर आले, ठोक खिळा. आजोबांच्या तसबिरीसाठी वाड्याच्या भिंतीला आम्ही किती भोके पाडली होती त्याची गणती नाही. मिस्त्रींनी समजावून सांगितले. जिप्समचा तक्ता अर्ध्या इंचाचा, आत पोकळी. कॅलेंडर कुठेही लागेल, पण जड काही लावायचे तर तक्त्याच्या मागे, दोन स्टडांच्या मध्ये, प्लायवूडचा जाड तुकडा आधीच बसवावा लागतो. तक्ते लागून लांबी झाली की आत हात घालता येत नाही.

“आणि झोपनार कोन हितं?” त्यांनी विचारले. “ही पोरगी, का आजी? पोरगी आसंल तर पुस्तकाच्या फळीपुरता प्लाय टाकतो. आजी आसत्याल तर कॉटपासनं दारापत्तुर धरायला दांडा लागंल. मानसाचा सगळा भार येतो त्याच्यावर, पक्कं करावं लागतंय.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी खिडकीशी. आजी कॉटवर. तीन महिने ज्याला कुणी हात घातला नव्हता तो प्रश्न लातूरच्या एका माणसाने, हातातली टेप गुंडाळत गुंडाळत, प्लायच्या तुकड्याच्या भाषेत विचारला होता. बाबा म्हणाले, “सकाळी सांगतो.”

त्या रात्री आमच्या घरात भिंतही होती आणि नव्हतीही. स्टडांच्या मधून पलीकडचे सगळे दिसत होते. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिचा उजेड त्या उभ्या रेघांवरून सरकत जायचा. जेवणे झाल्यावर बाबा आले. दाराची जागा सोडलेली होती, पण ते तिकडून आले नाहीत. अंग चोरून दोन स्टडांच्या मधून आत आले आणि आजीच्या कॉटवर बसले. मी डोळे मिटून पडले होते.

आजीच बोलू लागली. पुरानंतर वाड्याच्या भिंती नव्याने घातल्या तेव्हाचे. “गवंडी आले की सासूबाईंना आधी हेच विचारायचे. खुंट्या कुठे ठेवू? खुंटी लाकडाची, भिंत चढतानाच आत घालायची. मागून ठोकली तर माती ढासळते. सासूबाईंनी एक इकडे सांगितली, एक तिकडे. मग मला म्हणाल्या, सूनबाई, तुझी कुठे ते तू सांग. तोवर त्या घरात माझं काय आहे ते मला कुणी विचारलं नव्हतं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने आजी म्हणाली, “ते फ्रिजवरचं वाचलं मी. रद्दी काढताना खाली पडलं होतं. छापलंय छान. पण फोटोतल्या खोल्यांत भिंतीला एक खुंटी दिसेना.”

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत राहिला. मग बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. “आई, दांडा कुठे हवा तुला?”

“उद्या उभी राहून सांगते,” आजी म्हणाली. “पडून कसं कळणार?”

बाबांनी त्याच रात्री काकांना फोन केला. “आई इथंच राहील,” एवढेच वाक्य मला ऐकू आले. पलीकडून काका काय म्हणाले ते बाबांनी सकाळी मिस्त्रींना सांगितले तेव्हा कळले. ते म्हणाले होते, मग दार अडीच फुटांचे नको, तीन फुटांचे कर, पुढेमागे चाकाची खुर्ची लागली तर अडायला नको. मिस्त्रींनी चार स्क्रू काढले, दाराशेजारचा स्टड सहा इंच सरकवला, खालची पट्टी तेवढी कापली, स्क्रू पुन्हा आवळले. अर्धा तासही लागला नाही. विटेच्या भिंतीत हेच करायचे तर छिन्नी, हातोडा आणि घरभर धूळ. सांगाड्यावरच्या भिंतीचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. शेवटचा तक्ता लागेपर्यंत ती तुमचे ऐकून घेते.

मग आजीला वॉकर धरून उभे केले. कॉटपासून दारापर्यंत ती सावकाश चालली आणि तिच्या मनगटाच्या उंचीवर मिस्त्री शिसपेन्सिलीने स्टडांवर खुणा करत तिच्या बरोबरीने चालले. त्या खुणांच्या रेषेत प्लायची सलग पट्टी बसली. देव्हाऱ्याला एक तुकडा. माझ्या पुस्तकांच्या फळीला दोन. भिंतीवरच्या पंख्याला एक. आजीने आपल्या ट्रंकेतून वाड्यातली एक सागवानी खुंटी काढून दिली. वाडा पाडताना ती तिने कुणाच्या नकळत मागून घेतली होती. तिच्यामागेही एक तुकडा बसला.

मिस्त्रींनी विचारले, “आत आवाजाची लोकर भरू का? टीव्हीचा तरास व्हनार न्हाई.” बाबा हो म्हणणार तोच आजी म्हणाली, “नको. भिंतीला कान राहू देत थोडे. मी हाक मारली तर कळायला नको?” लोकर भरली नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ते चढले. जिप्सम म्हणजे काय हे मी मग वाचून काढले आणि आपलीच एक जुनी ओळख निघाली. आयुर्वेदात जिला गोदंती म्हणतात, जिचे भस्म तापावर देतात, ती हीच. गाईच्या दातासारखी दिसते म्हणून गोदंती. आपल्या देशात ती मुख्यतः राजस्थानात सापडते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीत तिच्या खाणी होत्या, म्हणून ती भाजून केलेल्या पुडीला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव पडले. तिचे थर कागदात घालून भिंतीचे तक्ते करण्याची युक्ती ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन गृहस्थाची. त्याला १८९४ साली तिचे पेटंट मिळाले.

या दगडाचा सर्वांत विलक्षण गुण असा, की तो दिसतो कोरडा पण त्याच्या वजनाचा सुमारे एकवीस टक्के भाग पाणी असते. ते स्फटिकात बांधलेले असते. आग लागली की ते पाणी वाफ होऊन सुटू लागते, आणि ते संपेपर्यंत तक्त्याची दुसरी बाजू फारशी तापत नाही. हे वाचताना मला शनिवारवाडा आठवला. १८२८ सालच्या आगीत त्याचे लाकडी मजले जळून गेले आणि आज आपण पाहतो ते दगडी जोते, तट आणि दरवाजे उरले. सागवानी सांगाडा पुरात तगत होता, आगीत तगत नव्हता. आमच्या भिंतीचे नेमके उलटे आहे. तिला पाण्याचे भय, म्हणून मिस्त्रींनी तक्ते फरशीपासून बोटभर वर ठेवले आणि खाली पट्टी मारली.

स्क्रू एकेक फुटावर पडत गेले, तसा हाताने पिळला जाणारा तो सांगाडा ताठ होत गेला. दोन्ही बाजूंनी तक्ते लागल्यावर मी भिंतीला खांदा लावून रेटून पाहिले. हलली नाही. स्टड एकटा असतो तेव्हा वाकतो आणि तक्ता एकटा असतो तेव्हा मोडतो. मिस्त्रींचे तिकीट आठवले.

आता त्याला काही महिने झाले. आजी दांडा धरून दिवसातून आठदहा वेळा कॉटपासून दारापर्यंत जाते-येते. रात्री तिला काही हवे असले की भिंतीवर टकटक करते. तक्त्याच्या पोकळीवर वाजवले तर आवाज घुमतो, प्लायवर वाजवले तर बसका येतो, आणि कोणत्या आवाजाला कोण उठायचे हे आमचे ठरून गेले आहे. काका रविवारी येतात ते पादत्राणे काढून आधी तिच्या दारावर टिचकी मारतात. पूर्वी ते सरळ आत येत. आजी आतून “या” म्हणते. तिच्या त्या “या”मध्ये एक नवा रुबाब आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी तिला स्वतःचे दार मिळाले आहे.

भिंतींवर लिहिणाऱ्या माझ्या कविमित्रांना आणि मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे, की भिंत पाडण्याआधी तिच्या आड कोण आहे ते पाहावे. आडोसा ही माणसाची भुकेइतकीच जुनी गरज आहे. जिला तो मिळत नाही तिला लुगड्याआड हसावे लागते. आणि आडोसा घालायचाच असेल तर तो घालण्याआधी प्रत्येकाला विचारून घ्यावे, बाबा रे, तुझी खुंटी कुठे? वसतिगृहाच्या खोलीतही हे लागू पडते आणि लग्नाच्या घरातही पडत असावे. मातीच्या भिंतीने माझ्या पणजीला हे विचारायला लावले, पत्र्याच्या भिंतीने माझ्या बाबांना. मधल्या काळातल्या विटेच्या भिंतीत खिळा केव्हाही ठोकता येत असे, म्हणून की काय, विचारायची सवय सुटली होती.

तक्ते लागण्यापूर्वी मी त्या सांगाड्याचे एक चित्र वहीच्या कागदावर काढून ठेवले आहे. दारापासून प्रत्येक तुकडा किती फुटांवर आणि फरशीपासून किती उंच, सगळे मोजून. रंग लागल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसणार नव्हते. आईने तो कागद घराच्या करारनाम्याच्या पिशवीत ठेवला आहे. त्यावर सात चौकोन आहेत. सहांवर काही ना काही लागले आहे. सातवा बाहेरच्या बाजूचा, स्वयंपाकघराकडे जाताना लागतो तो. मिस्त्री शेवटचा तक्ता उचलत होते तेव्हा आजीने त्यांना थांबवले होते. “तिकडूनही एक पट्टी टाका हो. ह्या दोघांचीही वयं होतील की.” त्यासाठी तिने आईला भिंतीशी उभे करून तिच्या मनगटाची उंची घ्यायला लावली. आई दिवसातून शंभरदा तिथून ये-जा करते. भिंतीला अजून तिथे काही लावलेले नाही.

— द्वितीय वर्ष, कला